दोन्ही बाजूंना चर

गेल्या वर्षी मे महिन्यात येडगावजवळच्या आमच्या वस्तीने आपला पाणंद रस्ता स्वतः बांधला. लांबी साधारण अर्धा किलोमीटर. त्याआधी दर पावसाळ्यात चुलती दुधाच्या दोन किटल्या चिखलातून अनवाणी डांबरी सडकेपर्यंत नेत असे, कारण दुधाचा टेम्पो आत येत नसे. "अवंदा टेम्पो दारात आला न्हाई, तर गाया इकून टाकीन," असं तिने घरात सांगितलं होतं.

त्याच सुमारास मी रविवारच्या पुरवणीसाठी रोमन रस्त्यांवर लेख लिहीत होतो. खाली मोठे दगड, वर बारीक खडी, मध्ये फुगवटा, दोन्ही बाजूंना चर. त्यातले काही रस्ते आजही वापरात आहेत. लेखासाठी कागदावर काढलेली त्या रस्त्याची आकृती मी वस्तीच्या बैठकीत दाखवली.

"मुरूम टाकायचा आन् रोलर फिरवायचा, झालं," चुलता म्हणाला. दरवर्षी तेच होई आणि जुलैत मुरूम ओढ्याला जाई.

खोडदहून बोलावलेल्या म्हाताऱ्या गवंड्याने कागद उभा-आडवा धरून पाहिला. "ह्यात नवीन काय हाय, भाऊ? नाणेघाटातलं दगड बघा जाऊन."

रोमन व्यापाराचा माल कोकणातून त्याच घाटाने जुन्नरला चढत असे, हे मी सांगितलं.

"मग त्यांनीच आपलं बघून नेलं आसंल."

अडचण चरांची होती. त्यांना दोन्हीकडची दोन-दोन फूट जमीन लागणार होती. चुलता आणि समोरचा शेजारी, दोघेही वर्षानुवर्षं नांगर जरा बाहेर घालून पाणंद कोरत आले होते.

"रोमन लोकं रस्ता कोरत नव्हती का?" शेजाऱ्याने विचारलं.

"खाली एवढालं दगड. नांगर मोडला आसता," गवंडी म्हणाला.

"मंजी आता आमचाबी मोडणार."

चुलतीने खुंट्या उचलल्या आणि पहिली स्वतःच्याच, गायींसाठी लावलेल्या घासात ठोकली. ती शेजाऱ्याला म्हणाली, "भाऊजी, दोघांनी जेवढं खाल्लंय तेवढंच द्या."

शेजाऱ्याने टेप धरला आणि आपल्या बाजूची खुंटी आणखी अर्धा फूट स्वतःच्या शेतात सरकवली. "एवढं माज्या बानं खाल्लेलं."

काम अकरा दिवस चाललं. दगड बांधावरचे आणि पडक्या विहिरीचे. शेवटच्या दिवशी शेजाऱ्याच्या घरून सगळ्यांना मासवडी आली.

जुलैत सलग तीन दिवस पाऊस झाला. चौथ्या दिवशी दोन्ही चर भरून वाहत होते. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी दुधाचा टेम्पो चुलतीच्या दारात उभा राहिला. तिने पायात चपला घातल्या आणि दोन्ही किटल्या गाडीत चढवल्या.