टेकडीवरची मनगटी

ओल्या मुरुमाचा वास आला की दरेकशाच्या उजाड टेकडीवरचं वृक्षारोपण आठवतं. खड्डा खणताना माझ्या फावड्यावर तान्ह्या लेकराची, काळ्या मण्यांची मनगटी आली. इकडे तान्ह्यांना जाळत नाहीत, पुरतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. "चूप राहा भाऊ, बुजव. पाहुणे येऊन राहिले," सोबतचा स्वयंसेवक म्हणाला. मी मनगटी आत टाकून वर रोप लावलं. संध्याकाळी एक बाई आली. "इथं खुणेचे दगड होते जी. माह्यी पोरगी ठेवली होती. काही निघालं काय?" रोपं उपटावी लागतील या भीतीने मी म्हणालो, "नाही, बाई." जागा कळेना, म्हणून ती उन्हाळाभर साऱ्याच रोपांना पाणी घालत राहिली. ही झाडं कशी जगवली, असं कोणी विचारलं की मी अजूनही 'लोकसहभागातून' असंच सांगतो.