राखीव आरसा

"आरशात तोंड दिसतं का रे?" दिवा स्टेशनजवळच्या आमच्या इमारतीत मला सगळे हेच विचारत. आम्ही बनवत होतो त्या आरशात दिसायचं, पण तो त्यासाठी नव्हता. दूरच्या ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण साध्या आरशाला जुमानत नाहीत. म्हणून काचेवर दोन धातूंचे अतिशय पातळ थर आलटून पालटून चढवायचे. असा आरसा तिरका धरून फिरवला की परतणारे किरण कमी-जास्त होतात आणि त्यांचं कंपन कुठल्या दिशेचं आहे ते कळतं. एवढं सांगेपर्यंत विचारणारा जिना उतरून गेलेला असे.

थर चढवायची कृती आमच्या मॅडमची. ठाण्यात खोपटजवळच्या भाड्याच्या गाळ्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं त्यात घातली. निवृत्तीच्या वर्षी अखेर उपग्रहावर जागा मिळाली. आरसे दोन झाले. त्यातला किंचित सरस होता तो चाचणीला गेला, दुसरा राखीव राहिला.

त्यातच खंडेनवमी आली. हत्यारांची पूजा आम्ही दरवर्षी बाहेरच्या खोलीत करायचो, पाने-पकडी मांडून. आरशांच्या आसपास हळदीचा कणही चालत नसे. पण त्या वर्षी मॅडम नौपाड्याहून येताना झेंडू घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "माझी इथली शेवटची खंडेनवमी. आज आरसा मांडू या. राखीवच तर आहे, तो कुठे वर जायचाय?" कोणालाच वावगं वाटलं नाही. हळद-कुंकू त्यांनी वाहिलं, फूल मी ठेवलं. त्यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

दसरा उलटला आणि निरोप आला, गरम-थंड चाचणीत पहिल्या आरशाचे थर पापुद्र्यासारखे सुटले. राखीव काढला. कुंकू निघालं, हळदीचा डाग काही केल्या जाईना. तिसरा करायला वेळ नव्हता. आमची जागा दुसऱ्या उपकरणाला गेली. मॅडम निवृत्त झाल्या, निरोप समारंभाला आल्याच नाहीत.

मला राहवेना. तो डागाळलेला आरसा मी त्याच चाचणीला लावला. थर जागचे हलले नाहीत. फार फार वाईट वाटलं. गाळ्यात एकटाच बसून रडलो.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. "तू राखीव तपासलास म्हणे. कसा निघाला?"

त्यांच्या हातून काही बिघडलं नाही, एवढंच मला सांगायचं होतं. म्हटलं, "तोही सुटला, मॅडम. पूजा नसती केली तरी वायाच गेला असता."

मग म्हणाल्या, "म्हणजे माझे थरच कच्चे होते रे. आणि मी उगाच त्या पूजेला दोष देत बसले."

खरं सांगावं तर ती पूजा त्यांना जन्मभर छळणार, लपवावं तर सगळं आयुष्य फुकट गेलं असं वाटत राहणार. नौपाड्यात त्या समोरून येताना दिसल्या की मी अजून रस्ता बदलतो.