गेर लागत नाही

आमच्या घरात काहीही बिघडलं की कोणीतरी गुन्हेगार सापडायलाच हवा, हा बाबांचा नियम. बाबा महसुलात गिरदावर होते, आदिलाबादच्या आसपासच्या गावांतून बांध आणि शिवारं मोजत फिरले. नोकरी संपली, पण दर्याफ्त, म्हणजे सरकारी थाटाची चौकशी, करायची खोड काही संपली नाही. दूध उतू गेलं की दर्याफ्त, टाकीतलं पाणी संपलं की दर्याफ्त. आणि शेवटी "जुर्म साबित" म्हणून बोट वळायचं ते माझ्याकडे. भाऊ हैदराबादला, आईची नजर गेलेली, मग उरलं कोण? नवऱ्याचं घर सोडून परत आलेली मुलगी. घ्या, आयतीच सापडली!

म्हणून जीपचा गेर वाजायला लागला तेव्हा पुढे काय होणार ते मला आधीच माहीत होतं.

जीप जुनी, डिझेलची. बाबांनी ती खात्याच्या लिलावातून आणली आणि पोटच्या पोरापेक्षा जास्त जपली. हे मी रागाने म्हणत नाही, खरंच तसं होतं. मला ताप आला की आई पाहायची, जीप गरम झाली की बाबा रस्त्यावर उभे राहून तिला वारा घालायचे. चाबी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायची, दोऱ्याने काजाला बांधलेली. मला ती मिळायची फक्त रविवारी, बाजारापुरती. बाकीचे दिवस मी स्कूटीवर शाळेत जायची, सीमेकडच्या गावात, मराठी माध्यमाची शाळा आहे तिथे.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला दुसरा गेर टाकताना करकर आवाज यायला लागला. मग पहिलाही वाजायला लागला. रिव्हर्सला तर असा आवाज निघायचा की शेजारचे तेलुगू मास्तर कंपाउंडच्या भिंतीवरून डोकावून "अय्यो" म्हणायचे. बाबांनी गाडी बंद केली, खाली उतरले, ओसरीत माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"रविवारी तूच नेली होती ना गाडी?"

"हो. पण तेव्हा वाजत नव्हता."

"तुले आवाज तरी समजते का? गेरबॉक्स आहे तो, वरवंटा नाही, घासला मिरच्यांवर!"

झालं, वरवंटा हा शब्द घरात राहायलाच आला. गेर वाजला की वरवंटा. मी स्वयंपाकघरात असेन, आंघोळीला असेन, गाडी बाबा चालवत असोत, तरी गेर वाजला की वरवंटा मीच. बरं, घरातल्या घरात बोलून त्यांचं पोट भरतं का? शेजारच्या मास्तरांना तेलुगूत सांगून झालं, "मा अम्मायी गेरबॉक्स पाडु चेसिंदी," आमच्या पोरीनं गेरबॉक्सची वाट लावली. स्पेअर पार्टच्या मारवाड्याला हिंदीत सांगून झालं, "लडकी ने पूरा गेरबॉक्स खा डाला." तीन भाषांत माझी बदनामी झाली आणि तिन्ही मला चांगल्या येतात, हे माझं दुर्दैव. त्या दुकानात मी वायपर घ्यायला गेले तर मारवाडी माझ्या हातांकडे पाहत होता.

मी काही मेकॅनिक नाही. पण डोकं आहे आणि राग आला की ते जास्त चालतं. एका दुपारी बाबा झोपले होते आणि सदरा खुंटीला होता. मी चाबी काढली, जीपमध्ये बसले. इंजिन सुरू न करता गेर टाकून पाहिले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, रिव्हर्स, सगळे गुपचूप लागले. मग इंजिन सुरू केलं, क्लच तळापर्यंत दाबला आणि पुन्हा सगळे टाकले. तेव्हाही हूं नाही की चूं नाही. मग मुद्दाम क्लच अर्धाच दाबून दुसरा टाकून पाहिला, आणि आली की करकर! अगदी तीच, मास्तरांना "अय्यो" म्हणायला लावणारी. म्हणजे दोष गेरबॉक्सात नव्हताच. बाबा क्लच पुरता दाबत नव्हते.

मला वाटलं, म्हातारपणाचा आळस. दुसरं काही डोक्यातही आलं नाही. संध्याकाळी चहा देताना मी अगदी शहाण्यासारखं, हळू आवाजात सांगितलं, "बाबा, गेर चांगले आहेत. क्लच पुरा दाबला की लागतात."

त्यांनी कप खाली ठेवला. आई समोर बसून लसूण सोलत होती. तिच्या देखत ते म्हणाले, "सासरी तुझा गेर लागला नाही, अन् तू मले शिकवून राह्यली?"

आई लसूण सोलत राहिली. मी आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. रडले नाही. असं वाटलं की तो वरवंटा खरंच उचलावा आणि जीपच्या काचेवर घालावा. असो.

खरी भानगड पुढे होती. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निर्मलच्या दवाखान्यात ठरलं होतं आणि बाबांनी जाहीर केलं होतं की गाडी तेच चालवणार. मध्ये निर्मलचा घाट आहे. उतारावर ट्रक पुढे आला आणि दुसरा गेर लागला नाही तर काय होतं, हे सांगायला गिरदावर लागत नाही. मी टॅक्सी म्हटलं, तर म्हणाले, "माह्या बायकोले भाड्याच्या गाडीत नेऊ? मी मेलो काय?" मी चालवते म्हटलं तर हसले. त्यांच्या हसण्याचा मला जास्त राग आला. दोन दिवसांनी निघायचं होतं आणि मला त्यांच्याकडून चाबी हवी होती. दुसरं काही मागत नव्हते मी.

बाबांच्या दर्याफ्तीचा निकाल लागला तो असा : माझ्या हातामुळे गेरबॉक्सातलं तेल जळलं, तेल बदललं की गेर लागेल. मेकॅनिककडे नेणार नाहीत, कारण गावातल्या प्रत्येक मेकॅनिकशी त्यांचं एकदा तरी भांडण झालेलं. मग खाली शिरणार कोण? "जिनं खराब केलं तिनंच करावं," बाबा म्हणाले. ऑइलचा डबा आधीच आणून ठेवला होता, नव्वद नंबरचं घट्ट तेल.

सकाळी त्यांनी गाडी गावाबाहेर फिरवून आणली. तेल गरम झालं की पातळ होतं, घाणीसकट सगळं निघून येतं, हे त्यांचं बरोबर होतं. आल्यावर चाकांमागे दगड लावले. मी जुना पंजाबी ड्रेस घातला, गोणपाट अंथरलं, जुनं तेल धरायला टब घेतला आणि जीपच्या खाली सरपटत गेले. सायलेन्सरचा पाइप तापलेला, तोंडाशी धूळ, आणि वर बाबांचा हुकूम चालूच.

"आधी वरचा बोल्ट ढिला कर! खालचा खोलला अन् वरचा निघालाच नाही तर नवीन तेल कुठून भरशील, तुह्या डोक्यातून?"

मी वरचा बोल्ट ढिला केला. खालून मला फक्त त्यांचे पाय दिसत होते. रबरी चपला, सुजलेले घोटे. टब हलू नये म्हणून डावा पाय गाडीखाली सरकवून टबाला अगदी खेटून ठेवलेला.

"बाबा, पाय मागं घ्या. तेल गरम आहे."

"तू काम कर."

खालचा बोल्ट कडक होता. पान्यावर जोर दिला, दोनदा पाना घसरला, बोटाचं साल निघालं. वरून आवाज आला, "जोर नाही का हातात? भांडताना बरा येते!" मग एकदम बोल्ट फिरला, माझ्या हातात आला आणि तेलाची धार सुटली. पहिली धार माझ्या मनगटावर पडली. आई गं! मी हात झटकला, हाताचा धक्का टबाला लागला आणि टबातलं तेल उसळून बाबांच्या डाव्या पायावर पडलं. धार आता सरळ त्या पायावरच पडत होती, बोटांच्या मधून वाहत चप्पलेत साचत होती.

"पाय! बाबा, पाय काढा!"

"कोनाचा पाय? काय बोंबलून राह्यली?"

पाय हलला नाही. माझं मनगट आग आग होत होतं आणि तो पाय तिथेच, खुंट रोवल्यासारखा. मग चार थेंब उजव्या पायावर उडाले. उजवा पाय टुणकन मागे गेला आणि वरून शिवी आली. डावा मात्र तेलातच उभा.

मी टब हाताने सरकवून धारेखाली आणला आणि तिथेच पडून राहिले. कळायला किती वेळ लागतो माणसाला! बाबांना शुगर होती, कित्येक वर्षांची. डावी चप्पल चालताना निघून मागे राहायची आणि त्यांना पत्ता नसायचा. आम्ही हसायचो. क्लच दाबायचा तो डाव्याच पायाने, आणि तो तळापर्यंत गेला की नाही, हे त्या पायाला कळत नव्हतं. त्याला कढत तेलही कळत नव्हतं.

"चुरा निघाला का?" वरून विचारणा.

निघाला होता. बोल्टच्या टोकाला पितळेची बारीक चमक होती. क्लच पुरता न दाबता गेर घुसवून घुसवून आतल्या रिंगा झिजल्या होत्या. मी बोल्ट घेऊन बाहेर आले. त्यांनी तो उन्हात धरला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"पाहय! हे घे, गवाही. जुर्म साबित!"

"बाबा, तुमच्या पायावर तेल सांडलं आहे."

त्यांनी खाली पाहिलं. पाय काळा-तपकिरी तेलाने माखलेला, वरची कातडी लाल होऊन फुगायला लागलेली.

"तूच सांडलं," ते म्हणाले.

"हो, मीच सांडलं. लागलं का?"

"नाही लागलं," ते ताठ्यात म्हणाले. आणि म्हटल्यावर त्यांना स्वतःचंच वाक्य ऐकू आलं असावं, कारण पुढचा शब्द तोंडात आला होता तो त्यांनी गिळला.

मला दया आली का? नाही आली. खोटं कशाला बोलू? महिनोन्महिने ऐकलेला प्रत्येक वरवंटा माझ्या डोक्यात घुमत होता. मी तेलकट हात पुढे केला. "चाबी द्या, बाबा."

त्यांनी दोरा सोडला. चाबी माझ्या हातात दिली नाही, बॉनेटवर ठेवली आणि तोंड फिरवलं.

आई दारात येऊन उभी होती. मी तिच्याकडे धावले म्हणा ना. "आई, बाबाचा पाय सुन्न झाला व! त्याले काहीच लागत नाही. गेर त्याच्याच पायानं वाजते, माह्या हातानं नाही!"

"मले म्हाईत आहे," आई म्हणाली.

"काय म्हाईत आहे?"

"रोज सकाळी त्या पायात चप्पल मीच घालून देतो. दिसत नाही मले, पन हाताले समजते ना. दिवाळीपासून थंडगार आहे तो पाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मग बोलली काऊन नाही? इतके दिवस ते मले बोलून राह्यले, साऱ्या गावात माहं नाव घेऊन राह्यले, अन् तू लसूण सोलत होती?"

"त्याचा पाय गेला म्हनलं असतं, तर त्याच्यापाशी काय राह्यलं असतं?" आई शांतपणे म्हणाली. "तुले तर तसेही बोलणे बसतच होते. त्यात अजून एक." मग पदराने तिने कोरडे डोळे पुसले, सवयीने. "अन् तुले तरी कुठं लागते, बाई."

मी परत जीपखाली शिरले. काम अर्धं सोडता येत नाही. खालचा बोल्ट बसवला, वरच्या भोकातून पाइप लावून नवीन तेल भरलं, ते ओघळून बाहेर येईपर्यंत. तिथे खाली रडले मी. भडभडून रडले, आणि वरून कोणी हुकूम सोडला नाही.

दोन दिवसांनी निघालो. गाडी मी चालवत होते, आई शेजारी, बाबा मागच्या सीटवर, डाव्या पायाला दवाखान्याची पट्टी. नवीन तेलात गेर सुंदर लागत होते. घाटाच्या उतारावर पुढे कोळशाचा ट्रक आला, वेग कमी करून दुसरा टाकायचा होता. मी क्लच मुद्दाम अर्धाच दाबला.

करकर असा आवाज झाला की आई सीटवर दचकली. मी आरशात पाहिलं. वरवंटा या शब्दाची वाट पाहिली. बाबा खिडकीबाहेर पाहत होते आणि त्यांची हनुवटी हलत होती. मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं.

"वाजला व," आई हळूच म्हणाली. "काऊन असं करून राह्यली?"

"वाजू दे ना, आई," मी म्हटलं. "त्याले कुठं लागते."

मी क्लच पुरता दाबला, दुसरा टाकला आणि ट्रकच्या मागे मागे घाट उतरले.