काकूंची टेस्ट आणि गाडीचा दुसरा पंखा

बायांना गाडी शिकवायची म्हणून मेहकरात ड्रायव्हिंग स्कूल काढलं तेव्हा वाटलं होतं, क्लच, गिअर आणि ब्रेक शिकवले की झालं. पण गाडीत चार बाया बसल्या की दिवसाला एक किस्सा हमखास होतो, आणि त्यात गाडी बिघडली की गॅरेजवाले आणखी दोन घालतात! घरी सांगत बसले तर आमचे हे म्हणतात, "तू आधी जेवून घे." म्हणून आज तुम्हाला धरलंय. यंदाच्या उन्हाळ्यातले एकाच पंख्याचे सांगते, बाकीचे राहू द्या.

* * *

सुरुवात झाली ती मैदानावर. एक नवी मुलगी हाफ क्लच शिकत होती. मी शेजारी बसून "सोड, सोड, हळू सोड" म्हणत होते. अर्धा तास गाडी जागची फारशी हलली नसेल. एसी चालू, कारण एप्रिलच्या उन्हात एसी नसला तर शिकणारीचे हात घामानं स्टेअरिंगवरून सरकतात.

एकदम बॉनेटमधून भस्सकन वाफ निघाली. मी गाडी बंद करेपर्यंत पोरगी दार उघडून मैदानाच्या पार टोकाला पोचली होती.

"मॅडम," ती तिथूनच ओरडली, "म्या काही नाही केलं! म्या फक्त ब्लिंकर देल्ला!"

* * *

दुसऱ्या दिवशी गाडी सुरेशभाऊच्या गॅरेजला नेली. सुरेशभाऊ आमचा नेहमीचा मेकॅनिक. माणूस चांगला, पण त्याला कुठलीही गाडी दिली की तो आधी ती पळवून पाहतो. दुसरबीड गावापर्यंत गेला, परत आला आणि चाबी माझ्या हातात दिली. "एकदम ओके. ऐंशीनं नेली, काटा हालला नाही."

"आता उभी ठेव," मी म्हटलं.

"उभी काऊन?"

"ठेव तर खरं. इंजिन चालू, एसी चालू."

चहा सांगितला. चहा येईपर्यंत काटा अर्ध्यावर, पिऊन होईपर्यंत लालच्या जवळ. सुरेशभाऊनं धावत जाऊन गाडी बंद केली आणि मलाच म्हणाला, "अवो मॅडम, तुम्ही गाडी उभी ठेवताच कायले? चालवत राहत जा ना!"

"सुरेशभाऊ, माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे बे! माझ्या बायांना गाडी हलवायलाच पंधरा मिनिटं लागतात!"

* * *

आता तुम्ही म्हणाल, एवढी काय घाई? तर कौशल्याकाकूंचं सांगते.

काकू छप्पन्न वर्षांच्या, मेहकरजवळच्या खेड्यातल्या. काकांची नजर साखरेनं गेली, एका डोळ्याला थोडं दिसतं तेवढंच. दर महिन्याला बुलढाण्याला डोळ्यात इंजेक्शन. घरी गाडी आहे, पण चालवणार कोण? पुतण्या संतोष, चाबीही त्याच्याच खिशात. आणि संतोषचं उत्तर एकच, "उद्या पाहू." दोन तारखा हुकल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, असंच चाललं तर राहिलेली नजरही जाईल.

त्या दिवशी काकू एकट्या एसटीनं मेहकरला आल्या आणि माझ्या टेबलासमोर बसल्या. "मॅडम, मले गाडी शिकवा. आता कोनाले 'बाबा रे' म्हनायचं नाही मले."

पण लायसन्सच्या टेस्टला दोनदा नापास झाल्या. एकदा आठचा आकडा काढताना खुंटा पाडला, एकदा रिव्हर्सला गाडी बंद पडली. मेहकरात आरटीओचा टेस्टचा कॅम्प महिन्यातून एकदाच, आणि काकूंच्या लर्निंगची मुदत या कॅम्पनंतर चारच दिवसांनी संपत होती. संपली की सगळं पहिल्यापासून. माझ्याकडं गाडी एक. कॅम्पच्या रांगेत ती तासभर उन्हात चालू उभी राहते, कारण एसी नसला तर साहेब आत बसत नाहीत. म्हणजे तिथं नेमकी तापणारच!

मी ठरवलं, गाडी नीट झाल्याशिवाय गॅरेजमधून हलायचं नाही. सुरेशभाऊला वाटलं मी गंमत करतेय. मी घरून डबा मागवला तेव्हा त्याला पटलं.

* * *

सुरेशभाऊनं रेडिएटर धुतला, पाणी बदललं, थर्मोस्टॅट बदलला. काटा चढायचा तो चढलाच. शेजारच्या टपरीवरून प्रत्येक जण येऊन सांगून जायचा. एक म्हणाला इंजिन उतरवा. दुसरा म्हणाला गाडी विका. तिसरा म्हणाला, बायांनी चालवली की तापतेच. त्याला मी पाना दाखवला.

शेवटी युसूफचाचांना बोलावलं. चाचा चाळीस वर्षांपासून गाड्यांची वायरिंग करतात. आले ते सरळ गाडीकडं. बॉनेट उघडलं, गाडी चालू, एसी चालू, आणि स्टूल घेऊन समोर बसले. सुरेशभाऊ सांगायला लागला, "चाचा, मी असं केलं, तसं केलं..."

"तू चूप बैस. गाडीले बोलू दे."

दोन मिनिटं झाली. चाचांनी बोट केलं. "पंखे किती?"

"दोन," सुरेशभाऊ म्हणाला.

"फिरून किती राह्यले?"

सुरेशभाऊनं पाहिलं. एकच! एसीसाठीचा जादा पंखा गप्प उभा. गाडी पळताना समोरची हवा लागते, म्हणून एका पंख्यावर भागत होतं. उभी राहिली की संपलं.

चाचांनी फ्यूज पाहिला, ठीक. हॉर्नचा रिले, म्हणजे करंट सोडणारी डबी, काढून पंख्याला लावला, तरी नाही. मग बॅटरीवरून सरळ दोन वायरी दिल्या. पंखा हलला नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं मोटरला हलकेच ठोकलं, तर चार फेरे घेतले आणि पुन्हा बंद. "कार्बन घासले. मोटर गेली," चाचा म्हणाले आणि बिडी पेटवायला बाहेर गेले. तीन दिवसांचं काम त्या माणसानं एका बिडीच्या आधी केलं.

* * *

नवी मोटर अकोल्याहून मागवली. आपल्याकडं पार्ट कसा येतो, तर बसच्या ड्रायव्हरच्या हाती. कॅम्पच्या आदल्या दिवशी सकाळी मी स्टँडवर उभी. बस आली, गेली, पार्सल नाही! ड्रायव्हरला फोन लावला तर तो म्हणाला, "अरे बाप्पा! विसरलोच मॅडम. लोणारले या, तिथं देतो."

गॅरेजवर आले तर सुरेशभाऊ दुसऱ्या गाडीखाली आडवा होता. माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली होती उन्हानं. प्रॅक्टिसला आलेल्या काकू म्हणाल्या, "मी चालवतो. तुम्ही बाजूले बसा."

"काकू, गाडी तापते!"

"चालती गाडी तापत नाही, तुम्हीच सांगतलं."

एसी बंद, चारी काचा खाली, काकूंनी पदर खोचला आणि निघालो. काकू तोवर कधी दुसऱ्या गिअरच्या वर गेल्या नव्हत्या. गाव सुटलं, तिसरा टाकला. इंजिन ओरडायला लागलं तशा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "मॅडम, चौथा गिअर या गाडीत हाये, का नुसता पुस्तकात?"

लोणारला बसचा ड्रायव्हर पार्सल घेऊन उभाच होता. स्टेअरिंगवर काकूंना पाहून त्यानं पार्सल दोन्ही हातांनी दिलं.

* * *

दुपारी चाचांनी मोटर बसवली. तिचा कनेक्टर वेगळा निघाला, म्हणून वायरी कापून जोडल्या. पंखा गरगर फिरला. आम्ही टाळ्या वाजवल्या. पंधरा मिनिटांत काटा पुन्हा वर!

खोटं नाही सांगत, मला रडू आलं. सुरेशभाऊ म्हणाला, "आता इंजिनच खोलाव लागते." म्हणजे आठ दिवस.

काकू तेवढ्यात गाडीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. हातात ट्रॅफिकच्या चिन्हांचा कागद होता, तो त्यांनी जाळीला लावला. एका बाजूला कागद चिकटला. नव्या पंख्यासमोर धरला तर फडफडून उडाला.

"चाचा," काकू म्हणाल्या, "हा पंखा उलटा फिरून राह्यला. हवा आत ओढाले पाह्यजे, हा तोंडावर फेकते."

"तुमाले काय समजते त्यातलं?" सुरेशभाऊ म्हणाला.

"आमच्या कूलरची मोटर दर उन्हाळ्यात भरून आनतो. दोन खेपा उलटीच लावून देल्ली होती मेकॅनिकनं. तवापासून आम्ही पैले जाळीले कागद लावल्याबिगर कूलरमंधी पानीच टाकत नाही!"

चाचांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, दोन्ही वायरींची अदलाबदल केली. कागद जाळीला चटकन चिकटला. गाडी पाऊण तास उभी ठेवली, काटा अर्ध्याच्या खाली. चाचा हळूच म्हणाले, "काकू, हे गोष्ट तुमच्या-माह्यातच राहू द्या."

राहिली. मी कुणालाच सांगितली नाही, तुम्हीच पहिले.

* * *

कॅम्पच्या दिवशी ऊन असं, की चपलेतून चटका बसत होता. नऊ बाया, एक गाडी. काकूंचा नंबर शेवटचा. आमची गाडी दीड तास चालू उभी आणि मी बॉनेटला कान लावून उभी. दुसरा पंखा घुर्र करून सुरू झाला की माझा जीव भांड्यात पडायचा.

काकू बसल्या, शेजारी इन्स्पेक्टर साहेब. आठचा आकडा काढला, एकही खुंटा हलला नाही. रिव्हर्स घेतला. मग साहेबांनी चढावर गाडी थांबवायला लावली. ती तिथं चांगली पाच मिनिटं उभी, साहेब कागद भरत होते. मग पुढं घ्या म्हणाले, आणि काकूंनी गाडी बोटभरही मागं न येऊ देता उचलली.

गाडी माझ्यासमोर येऊन थांबली. साहेबांनी काच खाली केली आणि सही करत म्हणाले, "काकू, पास. उतरा आता."

काकू उतरल्याच नाहीत. डोळे पुसले, कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला, पुतण्याला लावला आणि स्पीकरवर टाकला.

"संतोष, उद्या काकाचा दवाखाना हाये."

"काकू, उद्या नाही जमत मले. पुढच्या हप्त्यात पाहू."

"तुले कोन ये म्हनलं?" काकू म्हणाल्या. "गाडीची चाबी आनून दे."