आई चालली तेव्हा

आईच्या मेंदूतली गाठ काढल्यावर डॉक्टर म्हणाले, “आता पाय सांभाळा. पडून राहिल्या तर पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. रक्त पातळ करणारं इंजेक्शन इतक्यात दिलं, तर डोक्यात रक्तस्रावाची भीती. त्यांना चालवा.”

घट्ट मोजे घातलेली आई कॉटवरून उतरेना. मी म्हटलं, “कोथरूडला घरी जायचंय ना?”

“मग चालत नेणार आहेस का?” असं फणकारून ती उठली आणि माझा खांदा धरून दारापर्यंत गेली. मला आनंदाने रडूच फुटलं. पुढे इंजेक्शनंही सुरू झाली, पण तिने चालणं सोडलं नाही.

घरी सोडण्याआधी सोनोग्राफी झाली. दोन्ही पायांच्या शिरा अगदी मोकळ्या होत्या. सोसायटीत लिफ्ट उभी असतानाही आई पहिल्या मजल्यावर जिन्याने गेली.