ओल आणि लोखंड

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सोमवार, सकाळी साडेआठची वेळ. मी कचेरीमागे बसून लोखंडी खुंट्यांची टोके काथ्याने घासत होतो. “टोक साफ असलं तं काटा खरं सांगते,” असे कोणी मागून म्हणाले. ते आमच्या पाणीखात्याचे ओव्हरसियर श्री. बापूराव तायडे. आमची ओळख झाली ती अशी. मी तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलेला उमेदवार होतो आणि माझे शिक्षण जेमतेम मराठी पाचवीपर्यंतचे.

गावचा जमिनीखालचा नळ कुठेतरी फुटला होता, आणि नकाशा गहाळ होता. बापूरावांनी मला रीत शिकवली. चार खुंट्या एका ओळीत ठोकायच्या, बाहेरच्या दोहोंतून बॅटरीची वीज सोडायची आणि आतल्या दोहोंना यंत्र जोडून काटा पाहायचा. कोरड्या मातीत विजेला अडथळा फार. खाली लोखंडी नळ असला की अडथळा कमी होतो आणि काटा उतरतो.

महिन्याभराने बापूराव अमडापूरकडे दौऱ्यावर असताना सखूबाई नावाच्या वृद्ध बाईंच्या परसात काटा एकदम उतरला. मी लगेच खोदायला लावले. कमरेइतका खड्डा झाला, त्यांचे गोडलिंबाचे झाड आडवे झाले. पण नळ नव्हताच. नुसता काळा चिखल निघाला.

“काऊन बे,” सखूबाई कडाडल्या, “माह्या मोरीचं पाणी खणाले आला का तू?”

नोकरी गेली असे धरून मी मोजणीच्या वहीतले त्या दिवसाचे पान फाडू लागलो. तेवढ्यात बापूराव परतले. त्यांनी वही घेऊन सारे आकडे वाचले.

“आकडे तं बरोबर हायेत. घरच्याले काही इचारलं?”

“नाही, साहेब.”

“मंग? काट्याले ओल अन् लोखंड सारखंच. फरक माणसं सांगतात.”

त्यांनी पान फाडू दिले नाही. खाली तांबड्या शाईने ‘मोरी, नळ नव्हे’ असे लिहिले. मग कोट काढून स्वतः खड्डा बुजवायला लागले. माती ओढता ओढता त्यांनी विचारले, “आजी, नळ टाकला तवा तुम्ही इथंच होत्या?”

“हाव. गोठ्याच्या भिताडाजवळून नेला. पण मले कोन इचारते?”

“मी इचारून राह्यलो ना.”

दुसऱ्या दिवशी भिंतीलगत मोजले, काटा उतरला, खोदले. नळ आणि त्याची फूट दोन्ही तिथेच सापडली. वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात बापूरावांनी माझी चूक लपवली नाही. पुढे एवढेच जोडले : ‘उमेदवार मोजणी खरी लिहितो. ठेवावा.’ मी राहिलो.

पुढच्या रविवारी त्यांनी घरून गोडलिंबाचे रोप आणून सखूबाईंच्या मोरीच्या ओलीवरच लावले. आज बापूरावांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि ते झाड कौलांच्या वर गेले आहे. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावे, असे मी मनापासून इच्छितो. त्यांच्या साठीच्या या गौरवग्रंथासाठी काय लिहू, असे मी सखूबाईंनाही विचारले. आता विचारल्याशिवाय राहवत नाही. त्या म्हणाल्या, “त्याले म्हना, पाला तोडाले दरसाल येत जाय. झाड म्हातारं होईपर्यंत तं येच.”