गाई गेल्यानंतरची वर्षं

आमच्या ह्यांनी गाई विकल्या. २००२ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या चँडलर गावाच्या दक्षिणेला आमची डेअरी होती. आजूबाजूच्या डच मंडळींच्या जमिनी एकेक करून बिल्डरांकडे गेल्या आणि शेवटी आमचीही गेली. राहतं घर तेवढं ठेवलं. गाई न्यायला ट्रक आले, तेव्हा हे फाटकाशी उभे राहून जाणाऱ्या प्रत्येक गाईच्या पाठीवर हात ठेवत होते. मग आले, गमबूट नळाखाली धुतले आणि पायरीवर उपडे घातले, जसे काही पहाटे पुन्हा लागणारच आहेत.

"चहा टाकू का?" मी विचारलं.

"टाक. आणि आज रेडिओ नको."

हे मूळचे हॉलंडचे. वडिलांची जमीन थोरल्या भावाकडे गेली म्हणून तरुणपणीच अमेरिकेत आलेले. मी मिरजेत नर्सिंग करून इकडे आले. गाईच्या लाथेनं बरगड्या मोडल्या म्हणून ते माझ्या वॉर्डात पडून होते. हसलं की दुखायचं, आणि हसायला तर त्यांना कसलंही निमित्त पुरायचं. दोघांचंही इंग्रजी तेव्हा कच्चं होतं. कदाचित म्हणूनच जमलं. लग्नानंतर मी पहिल्यांदा 'अहो' अशी हाक मारली, तर ते चकितच झाले.

"आमच्याकडे होड्यांना अशी हाक मारतात. अहोय!"

त्यानंतर मी कधीही 'अहो' म्हटलं की गोठ्यातून, न्हाणीघरातून, कुठूनही उत्तर यायचं, "अहोय!"

मुलगी मोठी होऊन कॅलिफोर्नियात गेली. तिची मुलगी ह्यांना 'ओपा' म्हणायची, म्हणजे त्यांच्या भाषेत आजोबा. आमच्याकडे आली की हे तिला गोठ्यात नेऊन वासराच्या तोंडात बोटं घालायला लावायचे. "घाबरू नकोस, त्याला वरचे पुढचे दात नसतातच." ती किंचाळायची आणि पुन्हा बोटं घालायची. दर रविवारी फोनवर तिला त्या वासराची खबर हवी असे. गाई गेल्यावरही हे सांगतच राहिले, आज त्यानं कुंपणातून डोकं काढलं, आज बादली पाडली.

"अहो, लहान मुलीशी खोटं कशाला बोलता?"

"खोटं कुठं? ते कुठंतरी असेलच ना. आणि बादली तर पाडतच असेल."

वर्षाभरात गोठ्याच्या जागी घरं उभी राहिली, सगळी एका रंगाची. एके दुपारी मी मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होते. भिंतीपलीकडून आवाज आला, "अरे, चप्पल घाल आधी! पाय भाजतील!"

मी ओली चादर हातात धरून तशीच उभी राहिले. इतक्या वर्षांत इथं कुणी मराठी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. ह्यांना सांगितलं.

"मग जा की," ते म्हणाले.

मला मात्र जाववेना. काय म्हणून जायचं? माझं मराठी उरलं तरी होतं का? शेवटी हेच गेले. माझ्याकडून तीन वाक्यं शिकून घेतली होती, कधी जाणार ते मात्र सांगितलं नव्हतं. शेजारच्या दारात उभं राहून ताडमाड गोऱ्या म्हाताऱ्यानं म्हटलं, "नमस्कार. माझी बायको मराठी आहे. चहाला या."

भिंतीपलीकडचा तो आवाज नागपूरच्या एका तरुण मुलीचा निघाला; तिनं दार उघडं टाकलं आणि पोराचा हात धरून तशीच ह्यांच्यामागून आली. नवरा तिचा इंजिनियर. आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत बोलत बसलो. हे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून नुसते ऐकत होते. ती गेल्यावर त्यांनी कप विसळले.

"तू इतकी बोलतेस, हे मला माहीतच नव्हतं," ते म्हणाले. "आणि भरभर. मध्येच हात उडवतेस."

तक्रार नव्हती त्यात. पण मला एकदम एकटं वाटलं, आणि त्यांच्यासाठी वाईटही वाटलं. भावाशी फोनवर डचमध्ये बोलताना हे एक वेगळंच, पोटातून आल्यासारखं हसायचे. तसा हसणारा माणूस मलाही कुठं पुरता भेटला होता?

२००६ च्या उन्हाळ्यात त्यांचं हृदय थकलं. मी नर्स. डॉक्टर सांगायच्या आधीच मला कळलं होतं आणि कळून उपयोग नव्हता. हे शेवटपर्यंत शुद्धीवर होते. नातीला फोनवर म्हणाले, "वासराला आता शिंगं आलीत." मग डोळे मिटून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी गेले.

चर्चमध्ये त्यांचे जुने डेअरीवाले मित्र आले. त्यांनी डचमध्ये प्रार्थनागीत म्हटलं. मागच्या बाकावर शेजारची मुलगी नवऱ्याबरोबर बसली होती. पांढरा कुर्ता घालून आली होती. बाहेर पडताना ती माझा हात धरून "काकू" एवढंच म्हणाली. मला त्या गाण्यातलं काही कळलं नव्हतं, आणि हे सांगायचं ज्यांना, ते शवपेटीत होते.

पुढं ती मला, मी विधवा हे न मानता, हळदीकुंकवाला न्यायची. तिथं सगळ्या आपापल्या नवऱ्यांना नावानं हाक मारायच्या. मोकळ्या, छान मुली. मी हसून चहा प्यायची. माझ्या मराठीतले काही शब्द त्यांना जुने वाटायचे. 'अहो' म्हणायला मला कुणी उरलं नव्हतं. २००८ मध्ये तिच्या नवऱ्याची नोकरी दूरच्या प्लेनो शहरात गेली. जाताना ती रडली आणि लोणच्याची बरणी देऊन गेली. ते घर महिनोन्महिने रिकामं होतं.

मुलगी म्हणाली, "मॉम, आता इकडेच ये ना." मी म्हटलं, बघू.

त्या वर्षीच्या सुट्टीत नात आठवडाभर येऊन राहिली. तिला विमानतळावर सोडून मी परत निघाले, पण घराचं वळण आलं तरी वळले नाही. गाडी तशीच दक्षिणेला नेली. तिकडे एकदोन डेअऱ्या अजून होत्या. रस्त्याकडेला गाडी थांबवली, काच खाली केली. उन्हानं तापलेल्या शेणाचा आणि चाऱ्याचा वास आत आला. छपराखाली गाई रवंथ करत उभ्या होत्या.

एक कामगार कुंपणाशी आला. "मॅम, रस्ता चुकलात का?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्या नवऱ्याच्याही गाई होत्या."

त्यानं टोपीला हात लावला आणि तो कामाला गेला. मी काच खाली ठेवूनच बसून राहिले.